ऋतुराजच्या धावा आणि तुमचा टर्नओव्हर : आकडा मोठा आहे, पण कशाच्या मानाने?



या आठवड्याचा व्हिडिओ आकड्यांवर आहे. व्हिडिओत सगळी आकडेमोड दाखवता येत नाही, म्हणून ती इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

भोसरी, तळवडे, चाकण इथल्या शेडमधून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा : "सर, मागच्या वर्षी ४८ लाखांचं काम झालं. दुसरं मशीन लोनवर घेऊ का?" यात अडचण एकच आहे. ४८ लाख हा आकडा चांगला की वाईट, हे त्या आकड्यावरून कळतच नाही. कशाच्या मानाने, किती तासांत, किती पार्ट्यांकडून, हे कळल्याशिवाय तो नुसता आकडा आहे. आणि नुसत्या आकड्यावर घेतलेला हप्ता पुढची पाच वर्षं डोक्यावर बसतो.

हे समजून घ्यायला क्रिकेटइतकं सोपं साधन नाही. आणि उदाहरण आपल्या घरचंच आहे, ऋतुराज गायकवाड. पिंपरी-चिंचवडचा मुलगा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला. त्याचे आयपीएलचे आकडे आणि त्याच्या बरोबरीच्या फलंदाजांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवू. मग तोच चष्मा तुमच्या धंद्याला लावू.

आधी तीन शब्द पक्के करा

धावा म्हणजे एकूण बेरीज. आपल्या भाषेत टर्नओव्हर.

सरासरी म्हणजे धावा भागिले किती वेळा बाद झाला. लक्षात घ्या, किती डाव खेळला याने भागत नाहीत. नाबाद राहिला तर तो डाव भागाकारात येत नाही, त्यामुळे सरासरी फुगते.

स्ट्राइक रेट म्हणजे १०० चेंडूंमागे किती धावा. टी-ट्वेंटीत संघाला एका डावात १२० चेंडू मिळतात, त्याहून जास्त नाही. म्हणून चेंडू हा तिथला सगळ्यात महाग कच्चा माल. तुमच्याकडे तो म्हणजे मशीनचा तास.

१. तुलना बरोबरीच्याशी करा

आयपीएल २०२१. ऋतुराजने सर्वाधिक धावा करून ऑरेंज कॅप जिंकली. त्या हंगामातले वरचे तिघे बघा :

ऋतुराज गायकवाड : १६ डाव, ६३५ धावा, स्ट्राइक रेट १३६
फाफ डुप्लेसी : १६ डाव, ६३३ धावा, स्ट्राइक रेट १३८
के. एल. राहुल : १३ डाव, ६२६ धावा, स्ट्राइक रेट १३९

आधी ऋतुराज आणि डुप्लेसी घ्या. दोघं चेन्नईचे सलामीवीर. संघ एकच, मैदानं तीच, समोरचे गोलंदाज तेच, डावही सारखेच १६. यापेक्षा सरळ तुलना मिळणार नाही. फरक किती? दोन धावांचा. दुबईतल्या अंतिम सामन्यात डुप्लेसी ८६ वर खेळत होता आणि डावाच्या शेवटच्या चेंडूवर बाद झाला. तो चेंडू षटकार गेला असता तर कॅप त्याच्या डोक्यावर असती. यादीत एक पहिला आणि एक दुसरा दिसतो, पण हंगामभराच्या कामात दोघं बरोबरीचेच होते.

आता राहुल. बेरजेत तो तिसरा. पण त्याने तीन डाव कमी खेळले. दर डावाला राहुलच्या ४८ धावा पडतात, ऋतुराजच्या जवळपास ४०. मग राहुल भारी का? थांबा. राहुलचा पंजाब संघ सहावा आला, प्ले-ऑफला पोहोचलाच नाही. ऋतुराज आणि डुप्लेसीचा संघ विजेता ठरला. त्यांना जास्तीचे डाव मिळाले ते संघ पुढे गेला म्हणून. एकाच यादीतून दोन वेगळ्या गोष्टी निघतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. यादीतला क्रमांक त्या सांगत नाही.

धंद्यात आपण नेमकं उलटं करतो. गल्लीतल्या एकाने तीन मशीन घेतली, की आपल्याला वाटतं आपण मागे पडलो. पण तो तुमच्या बरोबरीचा आहे का, हे कोण बघणार? मोठ्या ऑटो कंपनीला थेट माल देणारा आणि त्याच्याकडून जॉबवर्क घेणारा, हे दोघं एका यादीतले नाहीत. त्यांची पेमेंटची मुदत वेगळी, रिजेक्शनची जबाबदारी वेगळी, कच्चा माल कोणाचा हेही वेगळं.

तुमच्या बरोबरीचा कोण? ज्याचं मशीन तुमच्यासारखं, ज्याची पार्टी तुमच्या पार्टीसारखी, आणि ज्याला धंदा सुरू करून साधारण तुमच्याइतकीच वर्षं झाली, तो. असे तीन जण शोधा. असोसिएशनच्या बैठकीत भेटतात, टूल्सच्या दुकानात भेटतात. त्यांच्याशी आकडे बोला. मोठ्या कारखान्याकडे बघून शिकायचं जरूर, पण स्वतःला मोजायचं बरोबरीच्याशी.

२. किती केलं, ते किती तासांत केलं

आता २०२४ चा हंगाम. ऋतुराज पहिल्यांदाच चेन्नईचा कर्णधार होता आणि धावांच्या यादीत विराट कोहलीच्या मागे दुसरा आला. ५८३ धावा, सरासरी ५३. उत्तम हंगाम. त्याच हंगामात हैदराबादकडून ट्रॅव्हिस हेडने ५६७ धावा केल्या. म्हणजे ऋतुराजच्या १६ धावा जास्त.

चेंडू बघा. ऋतुराजला ४१३ लागले, हेडला २९६. स्ट्राइक रेट १४१ आणि १९२. फरक ११७ चेंडूंचा, म्हणजे साडेएकोणीस षटकं! जवळपास एक अख्खा टी-ट्वेंटी डाव. तेवढे चेंडू हेडने आपल्या संघातल्या दुसऱ्या कोणाला तरी खेळायला शिल्लक ठेवले.

याचा अर्थ ऋतुराज कमी पडला असा होत नाही. ऋतुराजची सरासरी ५३, हेडची त्याहून कमी. एक जण पाय रोवून डाव बांधतो, दुसरा सुरुवातीलाच तुटून पडतो. चेन्नईची खेळपट्टी आणि हैदराबादची खेळपट्टी यांतही फरक असतो. दोन्ही प्रकारचे खेळाडू लागतात. मुद्दा एवढाच, की बेरीज जवळपास सारखी असूनही दोघांनी केलेलं काम अगदी वेगळं आहे, आणि बेरीज ते लपवते.

आता शेडमध्ये या. समजा दोन व्हीएमसीवाले आहेत. दोघांचं जॉबवर्कचं बिल महिन्याला ३ लाख. पहिल्याची मशीनं मिळून १,००० तास चालली. दुसऱ्याची ६०० तास.

पहिला : तासाला ३०० रुपये
दुसरा : तासाला ५०० रुपये

आता खर्च काढा. मशीनचा हप्ता, शेडचं भाडं, ऑपरेटरचा पगार, लाईट बिल, टूल्स, कूलंट, टेम्पो. या सगळ्याला चाललेल्या तासांनी भागा. समजा दोघांचाही तासाचा खर्च ३५० रुपये निघाला. मग पहिला माणूस रोज दोन शिफ्ट पळतोय, मशीन एक मिनिट बंद नाही, आणि दर तासाला ५० रुपये खिशातून घालतोय. त्याला वाटतंय काम भरपूर आहे, जागा पुरत नाही, दुसरं मशीन घ्यावं. दुसरं मशीन घेतलं तर तोटा दुप्पट होईल, बाकी काही नाही.

पीसचा रेट ठरवताना "बाजूचा साडेबाराला करतो, मी बाराला करतो" हा हिशेब नाही. सायकल टाइम, सेटिंगचा वेळ, लोडिंग-अनलोडिंग, रिजेक्शन हे धरून तासाला किती पडतात ते काढा. मग बारा परवडतात की चौदा, ते कळेल.

३. सरासरी दिसते तेवढी साधी नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, इथे थोडा वेळ द्या.

२०२२ चा हंगाम ऋतुराजला जड गेला. १४ डाव, ३६८ धावा, सरासरी २६. वाटतं की दर सामन्याला पंचवीस-तीस तर येत होत्या. आता डावांची यादीच बघा :

०, १, १, १६, १७, ७३, ०, ३०, ९९, २८, ४१, ७, ५३, २

यातले ७३ आणि ९९ हे दोन्ही आपल्या गहुंजेच्या मैदानावरचे. तुमच्यातले काही जण तिथे हजरही असतील. पण हिशेब करा. ७३, ९९ आणि ५३ या तीन डावांची बेरीज २२५. म्हणजे १४ पैकी ३ डावांतून हंगामाच्या ६१ टक्के धावा. उरलेल्या ११ डावांत १४३, डावाला फक्त १३. सरासरी २६ सांगते, पण त्या हंगामातला त्याचा नेहमीचा दिवस २६ चा नव्हताच.

नेहमीचा दिवस कसा शोधायचा? शाळेत मध्यक शिकलो होतो, तो. सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे आणि मधला धरायचा. २०२२ चा मध्यक येतो साडेसोळा.

आता त्याचाच २०२१ चा हंगाम, ऑरेंज कॅपचा, याच पद्धतीने बघा :

५, ५, १०, ६४, ३३, ७५, ४, नाबाद ८८, ३८, ४०, ४५, नाबाद १०१, १३, १२, ७०, ३२

मध्यक साडेपस्तीस. सगळ्यात मोठे तीन डाव काढून टाकले तरी उरलेल्या १३ डावांत डावाला २८ पेक्षा जास्त धावा राहतात. दोन हंगामांतला खरा फरक हा आहे. २०२१ मध्ये मोठे डाव होते आणि मधले डावही भरलेले होते. २०२२ मध्ये मोठे डाव होते, मधलं पोकळ होतं.

आता त्या ४८ लाखांकडे येऊ. १२ महिन्यांत ४८ लाख, सरासरी महिन्याला ४ लाख. बँकेचा माणूसही हेच बघतो आणि म्हणतो, बसतंय. पण समजा महिने असे आहेत (लाखांत) :

९, ८, ७, ३.५, ३.२, ३, २.८, २.६, २.५, २.४, २.२, १.८

पहिल्या तीन महिन्यांत एका पार्टीची मोठी ऑर्डर होती, त्यातून २४ लाख आले. उरलेल्या नऊ महिन्यांत मिळून २४ लाख. मध्यक २ लाख ९० हजार. तुमचा नेहमीचा महिना ४ लाखांचा नाही, २.९ लाखांचा आहे. हप्ता मात्र बाराही महिने सारखाच कापला जातो, त्याला ९९ ची खेळी कळत नाही. हप्ता झेपेल का, हे नेहमी मधल्या महिन्यावर तपासा आणि सगळ्यात वाईट तीन महिने कसे काढाल ते आधीच लिहून ठेवा.

हीच परीक्षा पार्ट्यांनाही लावा. सगळ्यात मोठी पार्टी यादीतून काढा आणि उरलेल्यांची बेरीज करा. त्यात शेडचं भाडं आणि पगार निघतात का? निघत नसतील तर मशीनच्या आधी दुसरी पार्टी शोधा. चाकणला एखाद्या मॉडेलचं उत्पादन कमी झालं, की त्या एकाच पार्टवर चालणाऱ्या शेडला सगळ्यात आधी झळ लागते.

आणि एक छोटी सूचना. बिल फाडलं म्हणजे धाव झाली नाही. पैसे खात्यात आले की धाव. वरची यादी बिलांची न करता जमा रकमेची करा. उद्यम नोंदणी करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत करण्याचं बंधन २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात आहे, पण त्याचा आधार घ्यायला नोंदणी हातात लागते.

४. मैदान बदललं की आकडा बदलतो

२०२२ च्या त्या अवघड हंगामाच्या तीनच महिने आधीची गोष्ट. डिसेंबर २०२१, विजय हजारे करंडक. महाराष्ट्राकडून ऋतुराजचे पाच डाव : १३६, नाबाद १५४, १२४, २१, १६८. एकूण ६०३ धावा, चार शतकं, सरासरी १५०.७५. मग मार्चअखेर आयपीएल सुरू झाली आणि पहिले तीन डाव ०, १, १.

माणूस तोच, बॅट तीच. सामन्याचा प्रकार बदलला, समोरचे गोलंदाज बदलले, दबाव बदलला. म्हणून १५० आणि २६ हे आकडे एकमेकांशी ताडून बघणं चूक आहे. प्रत्येक आकडा त्याच्या मैदानावर बघायचा.

नोकरी सोडून धंदा करणाऱ्यांनी हे नीट वाचा. कंपनीत प्रॉडक्शनला असताना तुमच्या लाईनवर रोज अमुक हजार पीस निघत होते. पण तिथे मेंटेनन्सवाला होता, स्टोअर होतं, क्वालिटीचा माणूस होता, आणि बिघाड झाला तरी पगार एक तारखेला होत होता. स्वतःच्या शेडमध्ये हे सगळे तुम्हीच. पहिल्या वर्षी आकडा पडणारच. तो पडला म्हणून तुमचं कौशल्य संपलं असं नाही, आणि कंपनीतल्या आकड्यावर प्रोजेक्ट रिपोर्ट बनवणंही बरोबर नाही.

याच स्पर्धेतली आणखी एक गोष्ट. त्या हंगामात सर्वाधिक धावा ऋतुराजच्या, तरी महाराष्ट्र बाद फेरीत पोहोचला नाही. १२४ केल्या तो केरळविरुद्धचा सामना आपण हरलो. करंडक हिमाचल प्रदेशने जिंकला. त्यांच्या रिषी धवनने ४५८ धावा केल्या आणि १७ बळीही घेतले. एक मशीन कितीही जोरात चालू दे, पुढे ग्राइंडिंग अडलं असेल, डिस्पॅच अडला असेल, वसुली अडली असेल, तर वर्षअखेर करंडक दुसऱ्याच्या घरी जातो.

५. किती डावांवरून निकाल द्यायचा

शेवटचा मुद्दा त्यांच्यासाठी, ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे.

ऋतुराजचा पहिला आयपीएल हंगाम २०२०. पहिले तीन डाव : ०, ५, ०. सरासरी दोनच्या खाली. पुढचे तीन : नाबाद ६५, ७२, नाबाद ६२. सहा डाव झाले तेव्हा सरासरी होती ५१. तीन डावांवरून निकाल लावला असता तर तो चुकला असता. सहा डावांवरून "हा ५१ चाच फलंदाज" म्हटलं असतं तर तेही घाईचं ठरलं असतं. पुढचे चार हंगाम ६३५, ३६८, ५९० आणि ५८३ असे गेले, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. चेन्नईने २०२५ साठी त्याला १८ कोटींना संघात कायम ठेवलं, ते एका वाईट हंगामाकडे बघून नव्हे आणि एका ऑरेंज कॅपकडे बघूनही नव्हे.

पण यात एक कडू गोष्ट आहे, ती प्रेरणा देणारे लोक सांगत नाहीत. ते पहिले तीन डाव संघाने सोसले. तुमचे पहिले तीन महिने कोण सोसणार? "टिकून राहा, यश येईल" हे बोलायला ठीक आहे. टिकायला खात्यात पैसे लागतात. निदान सहा महिन्यांचं भाडं, हप्ता, पगार आणि घरखर्च बाजूला असेल, तरच तुम्हाला सहावा डाव खेळायला मिळतो. तेवढे नसतील तर नोकरी चालू ठेवून जॉबवर्क बाहेरून करून घ्या आणि आधी पार्टी जमवा. शेड पळून जात नाही.

या आठवड्याचं काम

एका कागदावर एवढं लिहा :

१. मागच्या १२ महिन्यांत खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम, महिन्यानुसार. मग लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि मध्यक काढा.
२. महिन्याला मशीन किती तास चाललं आणि तासाला किती रुपये पडले. त्याखाली तासाचा खर्च.
३. सगळ्यात मोठी पार्टी वजा केल्यावर उरलेली बेरीज.
४. बरोबरीच्या तीन जणांची नावं. त्यांचा तासाचा दर आणि पेमेंट किती दिवसांत येतं, हे विचारा.
५. नवीन मशीनचा हप्ता. तो मध्यकाच्या महिन्यात सगळा खर्च जाऊन निघतो का? हो किंवा नाही.

पाचव्या ओळीत "नाही" आलं तर मशीनचं कोटेशन आणखी सहा महिने ड्रॉवरमध्ये राहू द्या आणि दुसऱ्या, तिसऱ्या ओळीवर काम करा. "हो" आलं तर बँकेत जाताना हाच कागद सोबत न्या. मॅनेजरने काही विचारायच्या आत उत्तर तुमच्या हातात असेल.

पुढच्या व्हिडिओत तासाचा खर्च कसा काढायचा, ते एका व्हीएमसीचं उदाहरण घेऊन पायरी-पायरीने करू. तोपर्यंत कागद तयार ठेवा. भेटूया!